गावच्या मंडळीला मिळणारी देणगी आणि तिचा उपयोग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती ग्रामीण महाराष्ट्रातल्या छोट्या ख्रिस्ती मंडळ्यांचे, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समूहांचे, पाळक (धर्मगुरू), पंच (कारभारी), खजिनदार आणि त्यांना मदत करू इच्छिणाऱ्या देणगीदारांसाठी आहे. आयकराची कलमे आणि फॉर्मचे क्रमांक १९६१ च्या कायद्यातले दिले आहेत, कारण बोलताना आणि जुन्या प्रमाणपत्रांवर तेच येतात. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला आहे. त्यामुळे अर्ज भरण्याआधी नवे क्रमांक सीएकडून विचारून घ्यावेत.

मंडळीचं अर्पण येतंच की. मग बाहेरच्या देणगीची गरज का पडते?

चाळीस-पन्नास कुटुंबांची मंडळी घ्या. बहुतेक घरं शेतमजुरीवर, काही ऊसतोडीवर. दिवाळी झाली की टोळ्या निघतात आणि थेट मार्च-एप्रिलला परततात. तेवढे महिने उपासनेला म्हातारी माणसं आणि त्यांच्याकडे ठेवलेली नातवंडंच दिसतात, आणि अर्पणाची थैली निम्म्यावर येते. उपकारस्तुतीच्या (सुगीबद्दल देवाचे आभार मानण्याच्या) सणाला लोक बाजरीची पायली, भोपळा, कोंबडी, अंडी घेऊन येतात. उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो, आणि वर्षातली सगळ्यात मोठी रक्कम बहुधा त्याच दिवशी जमते. त्यातून पाळकाचा पगार, डायोसिसचा (अनेक मंडळ्या सांभाळणाऱ्या धर्मप्रांताचा) वाटा आणि लाइट बिल भागलं की हातात काही उरत नाही.

म्हणजे आपलं घर चालवण्यापुरतं मंडळी कमावते. गावासाठी अभ्यासिका, पाण्याची टाकी, शिवणवर्ग किंवा आरोग्य शिबिर करायचं म्हटलं की बाहेरचा हात लागतो. यात कमीपणा वाटून घेऊ नका. जागा, माणसं आणि गावाचा विश्वास मंडळीकडे असतोच, रोख रक्कम नसते.

देणगीदार कोणत्या कामाला पैसे देतात?

मागण्याआधी तीन कप्पे पाडून घ्या. पहिला उपासनेचा: इमारत, छप्पर, बाकं, घंटा. दुसरा पाळकाचा: पगार, राहतं घर, निवृत्तीची सोय. तिसरा गावाच्या सेवेचा. पहिल्या दोन कप्प्यांसाठी मंडळीचे लोक, डायोसिस, शहरातल्या मोठ्या मंडळ्या आणि गावातून बाहेर पडलेली कुटुंबं देतात. तिसऱ्यासाठी कंपन्या, सार्वजनिक न्यास आणि ख्रिस्ती नसलेले दातेही देऊ शकतात.

एकाच अर्जात छप्पर आणि अभ्यासिका घातली की अभ्यासिकेला द्यायला तयार असलेला दाताही हात आखडता घेतो. छपराचा अर्ज वेगळा करा, अभ्यासिकेचा वेगळा. खातीसुद्धा पहिल्या रुपयापासून वेगळी ठेवा.

धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी हवीच का?

हवी. सार्वजनिक धार्मिक किंवा धर्मादाय न्यासाची नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम १८ प्रमाणे करावी लागते. आपली मंडळी स्वतंत्र न्यास आहे की डायोसिसच्या न्यासाचा भाग, हे आधी तपासा. भाग असेल तर अर्ज, करार आणि खातं डायोसिसच्या नावाने होईल. पाळकाने आपल्या सहीने परस्पर करार केला, तर त्याला कागदोपत्री किंमत नसते.

आमची नोंदणी पन्नास वर्षांपूर्वीची आहे. तरी बँक आणि देणगीदार अडवतात. का?

जवळजवळ नेहमी राहून गेलेल्या चेंज रिपोर्टमुळे, म्हणजे विश्वस्त बदलल्याचं धर्मादाय कार्यालयाला न कळवल्यामुळे. शेड्युल वनचा (धर्मादाय कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदीचा) उतारा काढून बघा. विश्वस्त म्हणून त्यावर कोणाची नावं आहेत? तिघे वारलेले, एकजण मुंबईला स्थायिक झालेला, एक पाळक वीस वर्षांपूर्वी बदलून गेलेले. मंडळीने मधल्या काळात रीतसर निवडणुका घेतल्या, नवे पंच नेमले, प्रोसिडिंग बुकात (सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत) ठरावही लिहिले. पण धर्मादाय कार्यालयाच्या लेखी जुनेच विश्वस्त आहेत. मग बँक केवायसी मान्य करत नाही, सह्या बदलत नाही आणि खातं गोठवते. चांगल्या कामाची देणगी हातातून जाते ती कामात खोट असल्यामुळे नाही, या एका कागदामुळे.

विश्वस्त, पत्ता किंवा मालमत्ता यांत बदल झाला की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करायचा असतो. त्याला सभेची नोटीस, ती सगळ्यांना मिळाल्याचा पुरावा, हजेरी, ठरावाची प्रत, नव्या विश्वस्तांची संमतिपत्रं आणि जुन्यांचे राजीनामे किंवा मृत्यूचे दाखले लागतात. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत द्या आणि कारण खरं लिहा.

बरेच बदल तुंबले असतील तर थेट आजची यादी देऊन भागत नाही. प्रत्येक निवडणुकीची साखळी जुळवावी लागते: २००५ चे पंच, मग २००८ चे, मग २०११ चे. मधली एक कडी सापडली नाही की जुना गट हरकत घेतो आणि प्रकरण वर्षानुवर्षं चालतं. म्हणून प्रोसिडिंग बुक पाळकाच्या घरी ठेवू नका. पाळक बदलतात, आणि सामानाबरोबर वही गेली की परत मिळत नाही. चर्चच्या कपाटात ठेवा आणि प्रत्येक पानाचा फोटो दोन माणसांकडे असू द्या.

सातबाऱ्यावर अजून मिशनचं (जुन्या मिशनरी संस्थेचं) नाव आहे. बांधकामाला देणगी मिळेल?

नाव सरळ होईपर्यंत मोठी देणगी मिळणं कठीण. १९७० साली २९ नोव्हेंबरला नागपुरात सहा ख्रिस्ती पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, पण गावोगावच्या जमिनींचे उतारे आपोआप बदलले नाहीत. गुजरातमधल्या ब्रेदरन पंथाच्या मंडळीच्या मालमत्तेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली हाच मुद्दा स्पष्ट केला: नुसत्या विलीनीकरणाच्या ठरावाने जुन्या नोंदणीकृत न्यासाची मालमत्ता नव्या मंडळीकडे जात नाही, त्यासाठी कायद्याची पायरी चढावी लागते.

मालकी ज्या न्यासाकडे आहे त्याचं ना हरकत पत्र आणि ठराव आधी मिळवा. जागा विकायची असेल, बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त आणि शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त भाडेपट्ट्याने द्यायची असेल, तर कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. "रस्त्याकडेचे गाळे भाड्याने देऊन सेवेचा खर्च काढू" हा बेत याच कलमाशी येऊन अडतो.

मालकीचा वाद चालू असेल तर पक्कं बांधकाम मागू नका. हलवता येईल अशा वस्तू मागा: शिलाई मशीन, पुस्तकं, सौर दिवे, प्लास्टिकची टाकी.

आम्हाला ८०जी मिळत नाही असं सीए म्हणतात. चर्चला ८०जी नसतंच का?

८०जी म्हणजे दात्याला देणगीवर आयकरात वजावट मिळवून देणारी नोंदणी. ही सवलत एखाद्या विशिष्ट धर्माच्या किंवा जातीच्या लोकांपुरत्या काम करणाऱ्या संस्थेला मिळत नाही. मंडळीच्या घटनेत पहिला उद्देश उपासनेचा आणि दुसरा सभासदांच्या हिताचा असेल, तर अर्ज फेटाळला जाणारच. आयकर कायद्याचं कलम १३(१)(ब) ही दुसरी अडचण: धर्मादाय न्यास एकाच धर्मसमुदायासाठी असेल तर त्याची करमाफीही जाते.

यावर चांगला चाललेला उपाय म्हणजे सेवेसाठी वेगळा न्यास. मंडळीचेच चार-पाच जबाबदार लोक आणि गावातले एक-दोन इतर समाजाचे, शक्यतो एखादी शिक्षिका किंवा आशाताई, असे विश्वस्त घ्या. उद्देश शिक्षण, आरोग्य, पाणी, उपजीविका. लाभार्थी जात-धर्म न बघता. अशा न्यासाला धार्मिक कामावर वर्षाच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंतच खर्च करता येतो, आणि आमचं म्हणणं असं की तोही करू नये.

क्रम असा: धर्मादाय कार्यालयात नोंदणी, पॅन, बँक खातं, मग फॉर्म १०ए भरून १२एबी (न्यासाच्या उत्पन्नाला करमाफी देणारी) आणि ८०जीची तात्पुरती नोंदणी. ती तीन वर्षांची असते. काम सुरू झालं की सहा महिन्यांच्या आत फॉर्म १०एबी भरून ती नियमित करून घ्यायची.

पुढे एक खड्डा आहे. छोट्या न्यासांना १२एबी आता दहा वर्षांसाठी मिळू शकते, पण ८०जी पाचच वर्षांची. दोन्ही एकदमच संपतात असं धरून बसलेल्या संस्थांची ८०जी मध्येच संपते, आणि त्यानंतर दिलेल्या पावत्यांवर दात्याला सवलत मिळत नाही. दोन्ही तारखा पावती पुस्तकाच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा.

देणगीदाराच्या बाजूने एवढं: २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ८०जीची वजावट नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्या व्यक्तीलाही ती मिळत नाही. संस्थेने ३१ मेपर्यंत फॉर्म १०बीडी भरून दात्याला १०बीई प्रमाणपत्र द्यायचं असतं. नुसती छापील पावती आता पुरत नाही.

दानपेटीचं काय?

चर्चमध्ये ठेवा, सेवेच्या न्यासाच्या कार्यालयात ठेवू नका. निव्वळ धार्मिक न्यासाला निनावी देणगीवर वेगळा कर लागत नाही. निव्वळ धर्मादाय न्यासाला मात्र एक लाख रुपये किंवा एकूण देणग्यांचे ५ टक्के, यांत जे जास्त असेल त्यापुढच्या निनावी रकमेवर ३० टक्के कर बसतो. सेवेच्या प्रत्येक रुपयामागे नाव आणि पत्ता हवा.

कंपनीचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी गावच्या मंडळीला मिळतो का?

चर्चला नाही, सेवेच्या न्यासाला मिळू शकतो. त्याच्याकडे १२एबी, ८०जी, कंपनी मंत्रालयाकडचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक आणि तशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा लागतो. पहिल्याच वर्षी कंपन्यांचे उंबरठे झिजवण्यात अर्थ नाही. तीन वर्षं लहान देणग्यांवर काम करा, ऑडिट वेळेवर करा, मग जा.

आमच्या गावचे लोक अमेरिकेत आहेत. त्यांनी पाठवलेले पैसे सरळ घ्यावेत का?

आधी पासपोर्ट कोणता ते विचारा. माणूस परदेशात राहतो की इथे, यावर हे ठरत नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय अंशदान (परदेशी देणगी) ठरत नाही. त्याच माणसाने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असलं तरीही, तो परकीय स्रोत ठरतो. मग एफसीआरए (परकीय अंशदान नियमन कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना पाच डॉलरही घेता येत नाहीत. नाताळला गावी आलेल्या परदेशी नागरिक असलेल्या पाहुण्याने थैलीत टाकलेली नोटसुद्धा याच नियमात येते. हे बहुतेक पंचांना ठाऊक नसतं. म्हणून पैसे घेण्याआधीच पासपोर्टची प्रत आणि दोन ओळींचं पत्र मागून घ्या. माणूस आपलाच असला तरी संकोच करू नका.

एफसीआरए नोंदणीला साधारण तीन वर्षांचं अस्तित्व आणि त्या तीन वर्षांत मुख्य उद्देशांवर किमान १५ लाखांचा खर्च लागतो. गावच्या मंडळीला ते बहुधा झेपत नाही. नोंदणी असलेल्यांनाही सगळी परकीय रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते. प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्के, आणि वार्षिक विवरण एफसी-४ हे ३१ डिसेंबरपर्यंत. आमिषाने किंवा जबरदस्तीने धर्मांतर घडवण्याबद्दल खटला भरला गेलेला किंवा शिक्षा झालेली असू नये, ही नोंदणीची अट आहे.

२०२० च्या दुरुस्तीनंतर परकीय अंशदान एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. पूर्वी मोठी संस्था पैसे घ्यायची आणि गावोगावी वाटायची, तो रस्ता बंद झाला. मोठ्या संस्थेने स्वतः तुमच्या गावात खर्च करावा, बिलं तिच्या नावाने निघावीत, तुम्ही जागा आणि माणसं द्यावीत, असं काम मात्र करता येतं.

अंदाजपत्रक कसं मांडायचं? एखादं उदाहरण द्या.

तीस मुलांची संध्याकाळची अभ्यासिका घेऊ, चर्चच्याच सभागृहात. शिक्षिकेचं मानधन महिना ५,००० प्रमाणे दहा महिन्यांचे ५०,०००. खाऊ (उकडलेली मटकी, शेंगदाणा लाडू, केळं) मुलामागे रोज १२ रुपये, २०० दिवस, म्हणजे ७२,०००. वह्या-पुस्तकं १५,०००. वीज ६,०००. हिशेब आणि ऑडिट ७,०००. एकूण १,५०,०००, म्हणजे मुलामागे वर्षाला ५,००० रुपये. यातले २५,००० मंडळी जमवेल आणि सभागृह मोफत देईल असं लिहा, मागणी १,२५,००० ची करा. दर तुमच्या तालुक्यातले घाला. मांडणी अशी असली की देणगीदाराला रक्कम कशी आली ते दिसतं.

चूक होते ती बहुतेक वेळा पटात. जूनमध्ये तीस मुलं असतात, नोव्हेंबरमध्ये आई-बापाबरोबर दहा-बारा फडावर गेलेली असतात. अर्जात ते लिहिलेलं नसेल तर देणगीदाराला हजेरी बघून फसवणूक वाटते. आधीच लिहा: "ऊसतोडीच्या काळात पट दहा-बारा मुलांनी कमी होईल, जी मुलं आजीकडे राहतील त्यांच्यासाठी खाऊऐवजी संध्याकाळचं जेवण देऊ." या एका वाक्यावरून देणगीदाराला कळतं की तुम्हाला गाव माहीत आहे.

चर्चच्या छपराचं पाणी साठवता येईल का?

दुष्काळी तालुक्यात चर्चची इमारत गावाला देऊ शकते त्यातली ही सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे. ४० बाय २५ फुटांचं पत्र्याचं छप्पर म्हणजे १,००० चौरस फूट, सुमारे ९३ चौरस मीटर. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला, तरी ३७,००० लिटर पाणी मिळतं. २५ मिलिमीटरचा एक बरा पाऊस सुमारे १,८५० लिटर देतो, म्हणजे ५,००० लिटरची टाकी तीन पावसांत भरते. जादा पाणी शोषखड्ड्यातून बोअरकडे वळवा.

पन्हाळीला दर दहा फुटांना एक इंच उतार, खाली ११० मिलिमीटरचा पाइप, आणि टाकीआधी २०० लिटरचा ड्रम. छपरावरची धूळ, पक्ष्यांची विष्ठा घेऊन येणारं पहिलं पाणी त्या ड्रममध्ये जातं. ड्रम भरला की पुढचं पाणी टाकीत. ड्रमच्या तळाला छोटी तोटी हवी आणि प्रत्येक पावसानंतर कोणीतरी ती सोडायला हवी. हे काम कोणाचं ते ठरवलेलं नसतं, म्हणून दुसऱ्याच पावसात सगळी घाण टाकीत जाते. अर्जात त्या माणसाचं नाव लिहा.

बाकी बिघाड नेहमीचे: मे महिन्यात पन्हाळ न झाडणं, टाकीच्या झाकणाला आणि ओव्हरफ्लोला बारीक जाळी नसल्याने डासांच्या अळ्या होणं. सिमेंटचे जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर ते पाणी पिण्यासाठी धरू नका. आणि तोटी कंपाउंडच्या बाहेर, रस्त्याच्या बाजूला काढा. आत असली की गावातल्या बायकांना ते पाणी चर्चचं वाटतं, बाहेर असली की गावाचं.

हिशेबात कुठे पाय घसरतो?

रोखीत. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर आयकरात तो खर्च न्यासाच्या कामावर झाला असं धरलं जात नाही. गवंड्याला शनिवारी २२,००० रोख मोजले जातात, तिथे हे होतं. त्याच्या खात्यावर पाठवा. खतावणीत प्रत्येक देणगीचं वेगळं पान ठेवा आणि बिलावर देणगीदाराचं नाव व प्रकल्प लिहून शिक्का मारा, म्हणजे तेच बिल दोघांना दाखवलं जाणार नाही. वर्षाच्या उत्पन्नाचे ८५ टक्के त्याच वर्षी खर्च व्हावे लागतात. मोठ्या कामासाठी पैसे साठवायचे असतील तर फॉर्म १० भरून पाच वर्षांपर्यंत ठेवता येतात. ऑडिट ३० सप्टेंबरच्या आत.

ख्रिस्ती नसलेल्यांना या कामात घ्यावं का?

घ्यावंच. लाभार्थी निवडताना निकष गरजेचा ठेवा आणि तो भिंतीवर लावा. अभ्यासिकेच्या वेळात प्रार्थनेची सक्ती नको, मदतीच्या बदल्यात उपासनेला येण्याची अपेक्षा नको, शिबिरात पत्रकं नकोत. कायदा तर हे सांगतोच. पण त्याही आधी, अट घातलेली मदत ही सेवा राहत नाही असं आम्ही मनापासून मानतो.

देणगी संपल्यावर काम बंद पडतं. काय करावं?

पैसा पगारात आणि इमारतीत गेला तर पडतंच, माणसं तयार करण्यात गेला तर तगतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला सुरू केलेलं आरोग्याचं काम यासाठी नीट अभ्यासावं. गावाने निवडलेल्या, बऱ्याचशा निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवलं. बाळंतपण, लहान मुलांचं वजन, स्वच्छ पाणी हे ज्ञान गावातच राहिलं. येशूसंघ या कॅथलिक धर्मसंघाचे फादर हर्मन बाखर यांनी नगर जिल्ह्यात पाणलोटाचं काम उभं केलं. त्याला जर्मनीचा पैसा आणि नाबार्डची व्यवस्था लाभली, पण श्रमदान गावाचंच होतं.

दुसरा रस्ता कायमनिधीचा, म्हणजे मूळ रक्कम न मोडता तिच्या व्याजावर काम चालवण्याचा. अमेरिकेत जेम्स ड्यूक या उद्योगपतीने १९२४ साली ४ कोटी डॉलरचा न्यास केला. त्याच्या उत्पन्नातले ६ टक्के नॉर्थ कॅरोलायनातल्या खेड्यांत मेथडिस्ट चर्च बांधायला, ४ टक्के ती चालवायला आणि २ टक्के निवृत्त पाळकांसाठी ठरवून दिले. बांधण्याबरोबर चालवण्याचा पैसा वेगळा नेमला, हे त्यातून घेण्यासारखं आहे. आपल्याकडे दोन लाखांच्या कायमनिधीचं व्याज टाकीची डागडुजी आणि लाइट बिल नक्की काढतं. त्यासाठी दात्याकडून "ही रक्कम कायमनिधीसाठी" असं लेखी घ्या आणि ती वेगळ्या मुदत ठेवीत ठेवा. लेखी नसेल तर ती साधी देणगी धरली जाते.

वर्षाअखेर देणगीतले पैसे उरले तर छपराला वापरता येतील का?

परस्पर नाही, पाच हजार असले तरी नाही. देणगीदाराला मार्च उजाडायच्या आत पत्र लिहा: किती उरले, का उरले, आणि त्याच कामात कशावर वापरायचे आहेत. लेखी होकार आला की खर्च करा आणि ते पत्र बिलांच्या फायलीला लावा. होकार आला नाही तर रक्कम परत करा आणि परतीची पोच घ्या.